जल्लोष पाच सेकंदांचा

कापसाची वेचणी अर्ध्यावर आली की विदर्भातल्या गावागावांत रात्रीच्या उजेडातल्या कबड्डीला रंग चढतो. एका चढाईत दोन गडी मारून आलेलं पोरगं मैदानाबाहेर धावत सुटतं, कोलांटी मारतं, मागून सगळी टीम त्याच्या अंगावर पडते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसलेला एखादा जुना खेळाडू वैतागतो, “खेळा ना बापा, नाचता कायले?” हा वाद शिस्तीचा म्हणून घातला जातो. पण त्याचं बरंचसं उत्तर स्नायू, श्वास आणि गुडघ्याकडे आहे.

आधी नाचण्याची बाजू. 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिकमधल्या ज्युडो खेळाडूंच्या छायाचित्रांवरून एक अभ्यास झाला, तो 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. जिंकल्यावर खेळाडू हात वर करतात, छाती पुढे काढतात, मान मागे टाकतात. जन्मापासून अंध असलेले, म्हणजे आयुष्यात कुणालाही जिंकताना न पाहिलेले खेळाडूही तेच करत होते. थोडक्यात, हे टीव्ही पाहून आलेलं खूळ नाही. शड्डू कुठे ठोकायचा, मांडी कशी थोपटायची हे आखाडा शिकवतो, पण हात वर जाणं उपजत आहे. ते दाबायला सांगणं म्हणजे शिंक दाबायला सांगणं.

त्याचा उपयोगही होत असावा. विश्वचषक आणि युरो स्पर्धांतल्या पेनल्टी शूटआउटचा 2010 मधला एक अभ्यास सांगतो, की गोल केल्यावर दोन्ही हात उंचावून, छाती फुगवून आनंद दाखवणाऱ्यांचा संघ शेवटी जिंकण्याचं प्रमाण जास्त होतं. भाव एकाकडून दुसऱ्याकडे जातो, स्वतःच्या संघाला हुरूप येतो आणि समोरचे दबतात, असा त्या संशोधकांचा अर्थ. हा संबंध आहे, पुरावा नव्हे, कारण आत्मविश्वास असलेला संघ नाचतोही आणि जिंकतोही. मात्र “छाती फुगवून उभं राहिलं की अंगातले हार्मोन वाढतात” हे जे मोबाइलवर फिरतं, ते सोडून द्या. 2010 मध्ये 42 जणांवर केलेल्या प्रयोगातून तो दावा आला होता. 2015 मध्ये 200 जणांवर पुन्हा पाहिलं, तेव्हा हार्मोनमध्ये काहीच फरक सापडला नाही.

आता खर्चाची बाजू. कबड्डीची चढाई जास्तीत जास्त 30 सेकंदांची. एवढ्या वेळात झेप, लाथ, उलटं वळण यांसाठी स्नायू मुख्यतः आपल्याच साठ्यातलं फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे झटपट ऊर्जा देणारं रसायन, वापरतो. हा साठा सेकंदांत संपतो आणि भरताना वेळ घेतो. साधारण अर्ध्या मिनिटात निम्मा भरतो, पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. भरण्यासाठी ऑक्सिजन लागतो. म्हणजे चढाईनंतरची पहिली 30 सेकंदं सगळ्यात मोलाची, आणि नेमक्या त्याच वेळी पोट्टे मैदानाला चक्कर मारतात. पुढच्या चढाईत पाय जड का पडतात, याचं कारण मग रात्रीच्या जेवणात शोधलं जातं.

श्वासाचंही तसंच. “कबड्डी कबड्डी” हा दम एका श्वासात, म्हणजे सलग बाहेर सोडण्यात जातो. मध्यरेषेला परत येईपर्यंत रक्तात कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो आणि तोच मेंदूला श्वास घ्यायला भाग पाडतो. अशा वेळी लांब किंकाळी फोडली, तर श्वास सोडणंच आणखी लांबतं. क्रम उलटा ठेवावा: रेषा ओलांडली की आधी दोन-तीन खोल श्वास, मग आरोळी. हात डोक्यावर न्यायचेच असतील तर न्यावेत. अनेकांना गुडघ्यावर हात टेकून थोडं वाकल्याने लवकर दम मिळतो.

नियम तर घड्याळ लावूनच बसले आहेत. समोरचा चढाईपटू परतला किंवा पकडला गेला, की पाच सेकंदांत आपला गडी पाठवावा लागतो. म्हणून पकड यशस्वी झाल्यावर सातही जणांनी ढीग रचण्यात अर्थ नाही, कुणीतरी आधीच रेषेकडे निघालेला हवा. चढाई यशस्वी झाली असेल, तर समोरचा पाच सेकंदांच्या आत तुमच्या अंगणात येणार आहे आणि तुमचा कोपऱ्यावरचा पकडपटू अजून साखळीत, म्हणजे हात धरून उभ्या राहणाऱ्या बचावात, आलेला नाही. गावच्या सामन्यांत बोनसचे फुकट गुण असेच जातात. बक्षिसाची नोट घ्यायला थेट मंचाकडे पळणाऱ्या चढाईपटूचंही हेच. निवेदकाने शंभराची नोट मध्यंतरापर्यंत राखून ठेवली तर काय बिघडतं?

त्याहून महागडी चूक म्हणजे लवकरचा जल्लोष. गडी शिवला, बोट वर केलं, नजर आपल्या टीमकडे, आणि पाय अजून समोरच्यांच्या हद्दीत. स्पर्श झाला की झटापट सुरू झालेली असते, लॉबी, म्हणजे मैदानाच्या दोन्ही बाजूंची पट्टी, तीही खेळात आलेली असते. मागचा घोटा कुणीतरी धरतो आणि मिळालेला गुण समोरच्यांच्या खात्यात जातो. शरीराचा कुठलाही भाग मध्यरेषेपलीकडे टेकेपर्यंत हात खाली आणि नजर मागे.

खरी भीती उडीची आहे. गुडघ्यातला पुढचा क्रूसबंध (एसीएल, सांधा आतून बांधून ठेवणारा पट्टा) फाटतो तो बहुधा पाय टेकल्यापासून 40 मिलिसेकंदांच्या आसपास. एवढ्या वेळात मेंदूला काही कळून पाय सावरणं शक्यच नसतं. म्हणून खेळताना मेंदू उतरण्याच्या आधीच मांडीचे पुढचे-मागचे स्नायू ताणून ठेवतो. जल्लोषात लक्ष प्रेक्षकांत असतं, ती तयारी राहून जाते, पाय सरळ आणि एकटाच टेकतो, वर धड वळलेलं. चटईवर बूट घट्ट चिकटतो आणि पीळ थेट गुडघ्यात जातो. मातीच्या मैदानाचा धोका वेगळा. आखलेला भाग पाणी मारून, दाबून सारखा केलेला असतो, पण धाव जाते ती त्याच्या बाहेर. तिथली काळी माती वाळली की आकसते, भेगा पडतात, आणि बांबू, दोऱ्या, दिव्यांच्या वायरी अंधारात असतात.

हे काल्पनिक नाही. अमेरिकी बेसबॉलपटू केंड्रिस मोरालेसने 2010 मध्ये सामना जिंकून देणारा फटका मारला आणि आनंदाने उडी घेऊन उतरताना पाय मोडून घेतला. त्याचा उरलेला हंगाम आणि 2011 चा पूर्ण हंगाम गेला. तुर्कस्तानातल्या 2005 च्या एका अहवालात उपचार घेतलेल्या 152 फुटबॉलपटूंपैकी 9 जणांची दुखापत गोलनंतरच्या जल्लोषातली होती. आणि 2014 मध्ये मिझोरमचा फुटबॉलपटू पीटर बियाकसांगझुआला गोलनंतर कोलांटी मारताना मानेवर पडला, मज्जारज्जूला इजा झाली, काही दिवसांत त्याचा मृत्यू झाला. कोलांटीला म्हणून सरळ बंदीच हवी, यात तडजोड नको. ढिगाचंही तसंच: 60 किलो वजनगटातले सहा जण म्हणजे 360 किलो. सगळा भार एका छातीवर येत नाही, पण खालच्याची बरगडी किंवा खांदा जायला त्यातला थोडाही पुरतो.

मग काय करावं? रेषा ओलांडा, दोन श्वास घ्या, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून हात उंचावा, आपल्याच संघाकडे तोंड करून. शड्डू ठोकायचा तर तळवा खोलगट ठेवा. आत हवा अडकते, आवाज घुमतो आणि कातडीला झोंबत नाही. सपाट तळव्याने नुसता चटका बसतो. समोरच्या बाकाकडे बघून मांडी थोपटणं टाळा, पंचाचं कार्ड त्यासाठीच असतं. पिवळं मिळालं तर दोन मिनिटं बाहेर, आणि 40 मिनिटांच्या खेळात सहा जणांनी दोन मिनिटं काढणं सोपं नाही.

आणि उडीनंतर कुणी गुडघा धरून बसलाच, तर त्याला “चालून बघ” म्हणू नका. खटका ऐकू आला आणि दोनेक तासांत गुडघा फुगला, तर सांध्यात रक्त उतरलेलं असण्याची शक्यता मोठी. पाय ओढणं, गरम तेलाची मालिश, दोन्ही नको. फडक्यात गुंडाळलेला बर्फ 15 ते 20 मिनिटं, पाय उंचावर, आणि दुसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरकडे. मानेवर पडलेल्याला मात्र उचलून ट्रॉलीत टाकू नये. डोकं आहे तसं दोन्ही हातांनी स्थिर धरून ठेवावं आणि 108 ला फोन करावा.