घराचं बाह्य कवच आणि त्याची सस्टेनेबिलिटी

बाह्य कवच म्हणजे बिल्डिंग एन्व्हलप. बाहेरच्या भिंती, वरचा स्लॅब, खिडक्या, थोडक्यात ऊन-पाऊस ज्याला आधी लागतो ते सगळं. ते सस्टेनेबल आहे का हे बघताना आत किती उष्णता येते, माल बनवताना किती कोळसा-डिझेल जळलं आणि ते टिकतं किती वर्षं, असं तिन्ही बघायला पाहिजे, पण बहुतेक वेळा गाडी पहिल्यावरच थांबते.

कारण नियम पण त्याचाच आहे. बीईईची (केंद्र सरकारचं ऊर्जा बचतीचं खातं) इको निवास संहिता, म्हणजे घरांसाठीचे ऊर्जा नियम, 2018 साली आली, तिच्यात आरईटीव्ही नावाचा आकडा काढतात: भिंतीतून, काचेतून आणि काचेतून थेट येणाऱ्या उन्हातून जी उष्णता आत येते तिची कवचाच्या क्षेत्रफळावर सरासरी, आणि ती थंड प्रदेश सोडून सगळीकडे दर चौरस मीटरला 15 वॅटच्या आत पाहिजे. गंमत म्हणजे स्लॅब यात धरतच नाहीत, त्याचा यू-व्हॅल्यू (त्यातून उष्णता किती सहज आरपार जाते तो आकडा, कमी तितका बरा) वेगळा काढतात आणि तो 1.2 च्या वर नको. नुसता 5 इंची आरसीसी स्लॅब 3 च्याही वर जातो, म्हणून तर नाशिकच्या सिडकोत टॉप फ्लोअरवाले मे महिन्यात संध्याकाळी गच्चीवर पाणी मारताना दिसतात.

आता पंचवटीतला जुना वाडा घ्या. दीड फुटी वीट-मातीची भिंत, पण यू-व्हॅल्यू काढला तर 8 इंची एएसी ब्लॉक (हवेचे बारीक बुडबुडे असलेला हलका सिमेंटचा ब्लॉक) तिला सहज मागे टाकतो. मग वाड्यात दुपारी गार का वाटतं? तर जाड भिंत ऊन पोटात धरून ठेवते आणि रात्री उशिरा सोडते, आणि आरईटीव्हीच्या गणितात हा उशीर येतच नाही. नाशिकसारख्या रात्री गार होणाऱ्या गावात ही मोठी चूक आहे असं माझं मत.

मालाचं म्हणाल तर एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राची राख इथे जवळच मिळते, त्यामुळे फ्लाय अॅशची वीट भट्टीतल्या लाल विटेपेक्षा बरी, तिला भाजावं लागत नाही न. सगळ्या भिंती काँक्रीटमध्येच ओतायची जी नवी पद्धत आलीय ती फास्ट आहे, पण सिमेंट जास्त आणि भिंत तापते पण जास्त.

आणि ओल. एएसीचे कॅटलॉगमधले आकडे कोरड्या ब्लॉकचे असतात, प्लास्टरला तडा जाऊन पश्चिमेची भिंत पावसात भिजली की तोच ब्लॉक बरीच जास्त उष्णता आत सोडतो, त्यामुळे भिंतीतून किती उष्णता येते याची मोजणी मार्चमध्ये झाली असेल तर एक चक्कर ऑगस्टमध्ये पण मारावी.