पाम तेल आणि पाम कर्नल तेल: फळ एकच, पैसा वेगवेगळ्या हातात

बिस्किटाच्या पुड्यावर कधी पाम तेल लिहिलेलं असतं, साबणावर कधी पाम कर्नल तेल, आणि आपण दोन्ही एकच समजतो. एकच नाहीये ते. तेलताडाचं फळ म्हणजे छोटासा आंबा समजा, बाहेर गर आणि आत कोय. गरातून निघतं ते पाम तेल, आणि कोय फोडून आतल्या मगजातून निघतं ते पाम कर्नल तेल. पहिलं कॅरोटीनमुळे लालभडक असतं, आपल्याकडे रिफाइंड होऊन येतं म्हणून फिकट दिसतं (2022 च्या दिवाळीत आनंदाच्या शिध्यात लिटरभर मिळालं ते हेच). दुसरं खोबरेलाचं भावंड, जवळजवळ निम्मं लॉरिक ॲसिड (साबणाला फेस देणारं फॅटी ॲसिड), म्हणून साबणवाल्यांना ते हवं असतं.

आता हा फरक मला एवढा महत्त्वाचा का वाटतो, तर नायजेरियातल्या बायकांमुळे. तिकडे पूर्व भागात, इग्बो लोकांत, जुनी वाटणी अशी की झाडावर चढून घड कापायचे पुरुषाने, तेल काढायचे बहुतेक कष्ट बाईचे, आणि तरी विकायच्या तेलाचा पैसा नवऱ्याचा, बायकोच्या वाट्याला बिया. म्हणजे मगज हीच तिची स्वतःची कमाई. 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे पायोनियर ऑइल मिल (यंत्राने पाम तेल काढणाऱ्या गिरण्या) आल्या, हाताने काढण्यापेक्षा कितीतरी जास्त तेल निघायला लागलं, पण मिल अख्खं फळच विकत घ्यायची आणि पैसे जायचे पुरुषाच्या हातात, बिया मिलमध्येच राहायच्या. बायकांनी मिलविरुद्ध निदर्शनं केली. नुसतं तेल मोजलं तर मिल फायद्याचीच दिसते, मगज मोजला की कळतं बाईचं काय गेलं.

कष्टही दोन्हींचे वेगळे आहेत. लाल तेलासाठी फळं ड्रममध्ये तासन् तास उकळायची, मग उखळात कुटायची नाहीतर पायाने तुडवायची, पाण्यात कालवून वर आलेला तेलाचा फेस काढायचा आणि परत आटवायचं. पाणी आणि सरपण किती लागतं ह्याला हिशोब नाही, आणि ते दोन्ही आणते कोण, बाईच. उकळायला उशीर झाला तर फळातल्या एन्झाइममुळे तेल आंबूस होतं आणि भाव पडतो. इथे डिझेलवरचा डायजेस्टर (म्हणजे कुटणारं मशीन) आणि स्क्रू प्रेस (दाबून तेल गाळणारं मशीन) आला की पाठीचा भार खरंच उतरतो, तेलही जास्त सुटतं.

मगजाचं काम मात्र त्यानंतर सुरू होतं. बिया वाळवायच्या, दोन दगडांत धरून एकेक फोडायची, ते बायका आणि मुलंच करतात. कवच वेगळं करायला माती कालवलेलं पाणी वापरतात, मगज तरंगतो, कवच बुडतं, मला ही युक्ती फार आवडते, वीज नको काही नको. मगज भाजून काढलेलं काळं तेल इग्बो बायका बाळांच्या अंगाला लावतात.

अजून एक, सुधारित जातीचा ताड म्हणजे टेनेरा, जाड कवचाचा ड्युरा आणि बिनकवचाचा पिसिफेरा ह्यांचा संकर. त्यात गर जास्त पण मगज लहान, म्हणजे लाल तेल वाढतं आणि बियांचा वाटा घटतो.

त्यामुळे 'खेड्यातल्या बायका नवीन मशीन स्वीकारत नाहीत' असं कुणी म्हटलं की मला राग येतो. प्रेस विकत घ्यायला भांडवल लागतं, तारणाला जमीन लागते, ती बहुतेक वेळा तिच्या नावावर नसते, मग मशीन पुरुषाचं आणि ती तिथे पैसे देऊन फळ गाळून घेणारी गिऱ्हाईक. गाळून झाल्यावर बिया ती घरी नेते की मशीनवाल्याकडेच राहतात, हे आधी विचारा.