‘आठवडाभर पुढे ढकला’

‘एक बटण तर टाकायचंय!’ सॉफ्टवेअरवाल्यांना हे वाक्य रोज ऐकावं लागतं, आणि बटणापुरतं ते खरंही आहे. वेळापत्रक दाखवणारे घटक, म्हणजे कोडचे तयार तुकडे, आयते मिळतात. फुलकॅलेंडर त्यातला एक. त्याच्या ‘कस्टम बटन्स’मध्ये बटणाचं नाव, वरचा मजकूर आणि क्लिक केल्यावर चालणारं फंक्शन (काम करणारा कोड) द्यायचं, तेच नाव टूलबारमध्ये, म्हणजे वरच्या बटणांच्या पट्टीत, लिहायचं. झालं. खरी गंमत त्या फंक्शनमध्ये आहे.

समजा, बटणाची कमांड आहे ‘आठवडाभर पुढे ढकला’. मीटिंग न्यूयॉर्कची, गुरुवार, 5 मार्च 2026, सकाळी 9. यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, ती 14:00 अशी साठवली. पुण्यात तेव्हा संध्याकाळचे साडेसात. आठवडा म्हणजे 7 × 24 × 60 × 60, अर्थात 6,04,800 सेकंद. ते मिळवले की 12 मार्चचे 14:00 येतात. पण मधल्या रविवारी, 8 मार्चला पहाटे 2 वाजता, अमेरिकेतल्या बहुतेक भागांत उन्हाळी वेळेसाठी घड्याळं तासभर पुढे जातात. न्यूयॉर्कचा यूटीसीशी फरक उणे 5 वरून उणे 4 तासांवर येतो आणि मीटिंग गुपचूप 10 ला सरकते.

कोड लिहिणारा पुण्यात बसलेला असेल तर हे त्याच्या नजरेला येणं कठीण. आपला यूटीसीशी फरक बारा महिने साडेपाच तास, आणि ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेतलं तारीख बदलणारं ‘सेट-डेट’ ब्राउझर असेल तिथलंच घड्याळ धरतं. त्याच्या पडद्यावर साडेसातची मीटिंग साडेसातलाच दिसते.

म्हणून ‘सकाळी 9’ ही स्थानिक वेळ आणि ‘अमेरिका/न्यूयॉर्क’ हे क्षेत्राचं नाव, दोन्ही साठवावं. आधी तारखेत 7 दिवस मिळवायचे, मग इंटरनेटवरची नावं-क्रमांक सांभाळणाऱ्या ‘आयाना’ या संस्थेच्या टाइमझोन डेटाबेसमधून त्या दिवशीचा फरक काढायचा. उत्तर येतं यूटीसी 13:00, म्हणजे पुण्यात साडेसहा. तरी एक खोच उरतेच: 8 मार्चला पहाटे अडीच न्यूयॉर्कमध्ये वाजतच नाहीत, आणि घड्याळं परत मागे जातात त्या 1 नोव्हेंबरला रात्रीचा दीड दोनदा वाजतो.

  

मीटिंग दर गुरुवारची असेल तर? कॅलेंडरच्या नोंदी कशा लिहायच्या हे ठरवणाऱ्या 2009 च्या आयकॅलेंडर मानकात अशा मालिकेचा एकच नियम साठवतात. ढकललेली मीटिंग स्वतंत्र नोंद होते आणि ‘रिकरन्स-आयडी’ म्हणून मूळ तारीख बाळगते. तेवढ्यावरून 5 तारीख मोकळी होते. पण 12 ला नेहमीची मीटिंग आधीच आहे, तीही 9 लाच. आता दोन्ही ठेवायच्या, मालिकाच सरकवायची की वापरणाऱ्याला विचारायचं, हे कोणताही आयता घटक सांगत नाही.