बुसानला गेलेले १३० जण

१९७९ साली बांगलादेशातल्या चितगावच्या ‘देश गारमेंट्स’ या नव्याकोऱ्या कंपनीने आपले १३० कामगार आणि पर्यवेक्षक दक्षिण कोरियातल्या बुसानला धाडले. तिथल्या देवू कंपनीच्या कारखान्यात ते बेतणं, शिवणं, दर्जा तपासणं आणि परदेशी गिऱ्हाइकाला वेळेत माल पोचवणं शिकले. देवूचा यात स्वार्थ होताच. १९७४ पासून श्रीमंत देशांनी कपड्यांच्या आयातीवर देशवार कोटा, म्हणजे कोणत्या देशाकडून किती माल घ्यायचा याची मर्यादा, बसवला होता. कोरियाला त्याचा जाच होत होता, बांगलादेशाला अजून नव्हता.

पुढच्या काही वर्षांत या १३० पैकी ११५ जणांनी ‘देश’ सोडली. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. आज बांगलादेशाच्या निर्यातीत तयार कपड्यांचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त आहे.

मला यात सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी की ‘देश’चं भांडवल बांगलादेशी होतं. देवूने यंत्रं पुरवली, शिकवलं, बाजार दाखवला आणि त्याबद्दल विक्रीतला हिस्सा घेतला. नव्या कारखानदारांकडे कापड आणायला रोकड नव्हती, तेव्हा तिथल्या बँका परदेशी खरेदीदाराच्या एलसीच्या (माल पाठवल्याची कागदपत्रं मिळाली की पैसे देण्याची बँकेची लेखी हमी) तारणावर कापड पुरवणाऱ्याच्या नावे दुसरी एलसी काढून देऊ लागल्या. निर्यातीसाठी आणलेल्या कापडावरचं आयात शुल्कही सरकारने बॉन्डेड गोदामांच्या (शुल्क न भरता आयात माल सरकारी देखरेखीखाली ठेवायच्या गोदामांच्या) सोयीमुळे घेतलं नाही. या दोन सोयी नसत्या, तर बुसानला शिकलेलं कौशल्य पैशाअभावी वाया गेलं असतं.

संपूर्ण बांगलादेशाचा हिशेब मांडला तरी हेच दिसतं. अलीकडच्या वर्षांत बांगलादेशात जीडीपीच्या (देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या) साधारण ३० टक्के रक्कम दर वर्षी यंत्रं, इमारती, रस्ते यांत गुंतते. त्यात थेट परकीय गुंतवणूक जीडीपीच्या एक टक्क्याहूनही कमी असते. उरलेला बहुतेक भार देशातली बचत, देशातली कर्जं आणि सरकारी खर्च यांवर. वाढीचं बळ तिथून येतं. बाहेरून येणारी रक्कम लहान असली, तरी तिच्याबरोबर तंत्र, शिस्त आणि ओळखी येतात.

या गोष्टी देशात मुरतीलच असं मात्र नाही. बोरेन्झटाइन, दे ग्रेगोरिओ आणि ली या तीन अर्थतज्ज्ञांनी ६९ विकसनशील देशांची आकडेवारी तपासून १९९८ मध्ये निष्कर्ष काढला की परकीय गुंतवणूक वाढीला हातभार लावते, पण मनुष्यबळाचं शिक्षण किमान पातळीवर असेल तरच. गुंतवणूक कोणत्या धंद्यात येते, यावरही बरंच ठरतं. नायजेरियात १९५६ साली ओलोईबिरीला तेल सापडलं आणि परदेशी कंपन्यांनी प्रचंड पैसा ओतला. पण तेलाच्या विहिरीला आसपासच्या गावांतून फारसं काही विकत घ्यावं लागत नाही, आणि मोजक्या कामगारांपलीकडे कुणाला काही शिकवावंही लागत नाही. शिलाईचं तंत्र माणसाच्या हातात राहतं, नोकरी सुटली तरी.

वाढीच्या आकड्यांत न दिसणारी एक बाजू २४ एप्रिल २०१३ रोजी उघडी पडली. ढाक्याजवळ सावर इथली राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसं गेली, बहुतेक कपडे कारखान्यांतले कामगार. कारखाने झपाट्याने वाढले होते, सुरक्षित इमारतींत मात्र तितकी गुंतवणूक झाली नव्हती. त्यानंतर अनेक परदेशी ब्रँडांनी कामगार संघटनांशी करार करून कारखान्यांची तपासणी सुरू केली. दुरुस्तीच्या खर्चाचा मोठा भाग मात्र स्थानिक कारखानदारांनाच उचलावा लागला.