साताऱ्यातून हिमालयातल्या बेसिक माउंटेनियरिंग कोर्सला अर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि बर्फाचं वेळापत्रक

अजिंक्यतारा पाठ झाला, वासोट्यासाठी बामणोलीला वनखात्याची परवानगी काढून झाली, जरंडेश्वर तर नेहमीचाच. त्यानंतर सातारच्या ट्रेकर मंडळींची नजर बर्फाकडं वळते. साताऱ्याच्या प्रियांका मोहितेनं २०१३ मध्ये एव्हरेस्ट, २०२१ मध्ये अन्नपूर्णा आणि २०२२ मध्ये कांचनगंगा सर केलं. त्यामुळं "आपल्याकडनं कोण जातंय तिकडं" असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही. प्रश्न असतो तो अर्जाचा.

इथं माहिती आहे ती सरकारी संस्थांच्या बेसिक माउंटेनियरिंग कोर्सची. खासगी कंपनीच्या बर्फातल्या ट्रेकमध्ये गाइड तुम्हाला वर नेतो आणि खाली आणतो. कोर्समध्ये दोर, क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे दात) आणि आइस ॲक्स (बर्फात रोवायची छोटी कुऱ्हाड) तुमच्या हातात देतात आणि घसरल्यावर स्वतःला थांबवायचं कसं, हे घटवून घेतात. साधारण २६ ते २८ दिवसांचा हा कोर्स असतो. म्हणजे महिनाभराची रजा, आणि नोकरदाराचा पहिला अडथळा तोच.

अर्ज कुठं करायचा

मराठी मुलं प्रामुख्यानं तीन ठिकाणी जातात. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, म्हणजे सगळे म्हणतात ती 'निम', १९६५ ची. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट १९५४ ची, सगळ्यात जुनी. आणि मनालीची अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाची हिमाचल सरकारची संस्था. याशिवाय काश्मीरमध्ये पहलगामला आणि अरुणाचलमध्ये दिरांगलाही संस्था आहेत. प्रत्येकीची स्वतःची वेबसाइट आहे, अर्ज आणि फी तिथंच भरायची. "जागा मिळवून देतो" म्हणणाऱ्या कुणाच्याही खात्यावर पैसे टाकू नका. या प्रक्रियेत एजंटाला कामच नाही.

कॉलेजात एनसीसीत असाल तर आधी बटालियनच्या ऑफिसात चौकशी करा. एनसीसी दरवर्षी कॅडेट्सना या संस्थांत पाठवते, तो मार्ग वेगळा आहे. थेट अर्ज करणाऱ्यांनी संस्थेचं वार्षिक वेळापत्रक जाहीर झालं की लगेच हालचाल करावी. मे-जूनच्या बॅचेस कित्येक महिने आधी भरतात. त्यातून रद्द झालेल्या जागांवर प्रतीक्षा यादीतल्यांचा नंबर लागतो, पण त्या भरवशावर रजा टाकू नये.

बॅच निवडताना बर्फाकडं बघा

फॉर्ममध्ये बॅच निवडायचा एक रकाना असतो. बहुतेक जण परीक्षा आणि रजा बघून तो भरतात. माझ्या मते या अर्जातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच आहे, कारण कुठल्या महिन्यात जाता यावर तुम्हाला कसला बर्फ शिकायला मिळणार ते ठरतं.

गढवाल आणि हिमाचलकडच्या हिमालयात बर्फ पडतो तो मुख्यतः डिसेंबर ते मार्च, पश्चिमी विक्षोभांमुळं, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वादळी हवेमुळं. सिक्कीम-दार्जिलिंगकडं उलट आहे. तिथल्या हिमनद्यांना बराचसा बर्फ पावसाळ्यात मिळतो. हिमाचलकडं मात्र मे महिन्यात मनालीच्या वर बियास कुंडाच्या खोलगट भागात, जिथं तिन्ही बाजूंनी फ्रेंडशिप, शितिधर, हनुमान टिब्बा अशी शिखरं उभी आहेत, हिवाळ्यातला बर्फ अजून साठून असतो. तो रात्री गोठतो आणि दिवसा सैल पडतो. पहाटे तीनला निघालात तर पायाखाली दगडासारखा कडक, क्रॅम्पॉनचे दात कच्चकन रुततात. सकाळी दहानंतर त्याच उतारावर गुडघाभर पाय आत जातो आणि वरून ओला बर्फ सुटायची भीती असते. शिखरावर जायची वेळ पहाटेची का ठेवतात, याचं कारण हे.

सप्टेंबर-ऑक्टोबरच्या बॅचमध्ये चित्र बदलतं. उन्हाळा-पावसाळ्यात खालचा बर्फ वितळून हिमनदीचा निळसर, टणक बर्फ उघडा पडलेला असतो. आइस क्राफ्टला, म्हणजे टणक बर्फावर चढण्या-उतरण्याच्या सरावाला, हे चांगलं, हिमनदीतल्या भेगाही डोळ्यांना दिसतात. पण त्यावर नवा बर्फ पडला की तो जुन्याला नीट धरत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का दांडा-२ या ५,६७० मीटर उंचीच्या शिखरावर 'निम'च्या ॲडव्हान्स कोर्सची तुकडी हिमस्खलनात सापडली; २७ मृतदेह मिळाले, दोघे सापडलेच नाहीत. घाबरवायला हे सांगत नाही, पण पुढं ज्या जोखीमपत्रावर (धोक्याची जबाबदारी आपली, असं लिहून द्यायचा कागद) तुम्ही सही करणार आहात ते कसलं आहे, हे घरच्यांनाही माहीत असावं.

आणखी एक. अलीकडच्या हिवाळ्यांचा भरवसा राहिलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गसारख्या ठिकाणी बर्फाविना उतार उघडे पडले होते. काठमांडूच्या इसिमोड या संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार हिंदुकुश-हिमालयात हिमाच्छादन टिकण्याचं प्रमाण सरासरीपेक्षा २३.६ टक्क्यांनी कमी होतं, २३ वर्षांतलं सगळ्यात कमी. बर्फ कमी म्हणजे सोपं, असं इथं नसतं. दगडांना धरून ठेवणारा बर्फ गेला की दगड सुटतात आणि उतार घसाऱ्याचा होतो. त्यामुळं जायच्या महिनाभर आधीपासून हवामान खात्याचे डोंगराळ भागाचे अंदाज बघत जा, आणि हिवाळ्यात कुठं जाणार असाल तर डीआरडीओच्या चंदीगडच्या डीजीआरई या संस्थेची हिमस्खलनाची सूचनापत्रंही.

पहिल्यांदाच जात असाल तर मे-जून घ्या, असं मी सांगेन.

पात्रता

शिक्षणाची अट अडवत नाही आणि आधीचा कुठला कोर्सही लागत नाही. वयाची मर्यादा संस्थेप्रमाणे थोडी वेगळी आहे: खालची सोळा-सतराच्या आसपास, वरची चाळिशीच्या आसपास. अठरा पूर्ण नसतील तर पालकांची सही लागते. मुलींसाठी काही संस्था स्वतंत्र बॅचही ठेवतात. पुढं ॲडव्हान्स करायचा विचार असेल तर बेसिकमध्ये 'ए' ग्रेड लागते. नुसतं हजेरी लावून आलेल्याला ती मिळत नाही.

खरी पात्रता तब्येतीची. दमा, फीट येणं, हृदयाचा त्रास, आटोक्यात नसलेला रक्तदाब, नुकतंच झालेलं ऑपरेशन यातलं काही असेल तर लपवू नका. चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्केच असतो. सातारा शहर सातशे मीटरच्या आसपास, महाबळेश्वर चौदाशेच्या आत-बाहेर, आणि राज्यातलं सगळ्यात उंच कळसूबाई १,६४६ मीटर. विरळ हवा आपल्याला कशी मानवते, हे महाराष्ट्रात बसून तपासताच येत नाही. म्हणूनच तो मेडिकल फॉर्म इतका बारकाईचा असतो.

कागदपत्रं

आधार कार्ड, जन्मतारखेचा पुरावा (दहावीचं सर्टिफिकेट चालतं), पासपोर्ट साइझ फोटो, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि जोखीमपत्र. पहिल्या तिघांना वेळ लागत नाही. फक्त आधारवरचं आणि दहावीच्या सर्टिफिकेटवरचं नाव जुळतं का ते आधी बघा. एकावर वडिलांचं नाव मध्ये आहे आणि दुसऱ्यावर नुसतं आडनाव, असं आपल्याकडं सर्रास असतं, आणि ते दुरुस्त करायला फॉर्मपेक्षा जास्त दिवस जातात.

वैद्यकीय प्रमाणपत्र संस्थेच्याच छापील नमुन्यावर लागतं. डॉक्टरांच्या लेटरहेडवर "सदर व्यक्ती तंदुरुस्त आहे" अशी एक ओळ लिहून आणली तर उपयोग नाही. नमुन्यातला एकही रकाना कोरा नको. रक्तदाब, नाडी, रक्तगट सगळं भरलेलं हवं. खाली एमबीबीएस डॉक्टरची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. शिक्का पुसट उमटला आणि त्यातला क्रमांक वाचता येत नसेल, तर तिथंच शेजारी पेनानं लिहून घ्या. सिव्हिलमध्ये जाणार असाल तर नमुन्याच्या दोन प्रती घेऊन जा, एक खराब झाली तरी हेलपाटा वाचतो. तपासणी फार आधी करू नका, कोर्सच्या जवळची तारीख असलेली बरी. आणि ओळखीच्या डॉक्टरकडून न तपासता सही आणण्यात काही शहाणपणा नाही. संस्थेत पोचल्यावर तिथले डॉक्टर पुन्हा तपासतात आणि अनफिट ठरलात तर तिथूनच परत यावं लागतं.

जोखीमपत्रावर नातेवाइकाची आणि साक्षीदाराची सही मागितलेली असेल तर ती घरी बसून, मजकूर वाचून घ्या. स्टँप पेपर लागतो का, ते नमुन्यावरच लिहिलेलं असतं. नसेल लिहिलं तर उगीच खर्च करू नका. सगळ्या मूळ प्रती सोबत न्यायच्या, झेरॉक्सचा एक संच सॅकमध्ये वेगळा.

तयारी, सामान आणि प्रवास

पहिल्या आठवड्यातच पळायला आणि ओझं घेऊन चालायला लावतात. पाठीवर पंधरा-वीस किलो असतात. यवतेश्वरचा घाट पळून चढणाऱ्यांना दम पुरतो, पण ओझ्याची सवय नसते. पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक घेऊन जरंडेश्वर चढा, आणि उतरताना घाई करू नका, गुडघे तिथंच जातात. दोन-तीन महिने तरी हे हवं.

बर्फातले बूट, स्लीपिंग बॅग, दोर, क्रॅम्पॉन हे सगळं संस्था देते. अंगातले थर्मल, लोकरीचे मोजे, गॉगल आणि चालायचे चांगले बूट मात्र आपले. गॉगल स्वस्तातला घेऊ नका, बर्फावरच्या उन्हानं डोळे खरंच जातात. उंचीवरच्या त्रासाच्या गोळ्या मित्राच्या सांगण्यावरून सुरू करू नका, संस्थेचे डॉक्टर असतात.

साताऱ्याहून गोवा एक्सप्रेस थेट निजामुद्दीनला जाते. तिथून मनालीला रात्रीची बस, उत्तरकाशीला हरिद्वार किंवा डेहराडूनमार्गे. रिपोर्टिंगच्या दिवशी सकाळी पोचायचा हिशोब करू नका, एक दिवस हाताशी ठेवा. ऋषिकेशच्या पुढं पाऊस झाला की दरड कोसळून रस्ता अडतो. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं. त्यामुळं जागा पक्की झाल्याचा मेल आल्यावर ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्या सकाळी आठला बुकिंगला बसा. परतीचं तिकीट कोर्स संपल्याच्या दुसऱ्या दिवशीचं काढा, त्याच दिवशीचं नको. सामान जमा करणं आणि समारोप यात ती दुपार जाते.