टी-२०६ कार्डे : छपाईतील फरकांच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉल खेळाडूंची रंगीत कार्डे वाटली. ती छापण्याचे काम न्यू यॉर्कच्या अमेरिकन लिथोग्राफिक कंपनीकडे होते. त्यांना आज ज्या नावाने ओळखले जाते ते ‘टी-२०६’ हे नाव मात्र या दोन्ही कंपन्यांचे नव्हे. संग्राहक जेफरसन बर्डिक यांनी अमेरिकेतील छापील कार्डांची सूची करताना दिलेला तो क्रमांक आहे.

एका बाजूला खेळाडू आणि दुसऱ्या बाजूला सिगारेटची जाहिरात, अशी या कार्डांची रचना होती. पीडमाँट, स्वीट कॅपोरल, ओल्ड मिल अशा डझनाहून अधिक ब्रँडच्या जाहिराती त्यांच्या पाठीवर आढळतात. यांतील एका ब्रँडचे नाव चक्क ‘हिंदू’ होते आणि त्याची जाहिरात तपकिरी व लाल अशा दोन शाईंत छापलेली सापडते. एकच चित्र अनेक जाहिरातींसह छापले गेल्यामुळे पुढची आणि मागची बाजू यांच्या जोड्या लावणे, हाच अभ्यासाचा पहिला टप्पा ठरला.

होनस वॅग्नरच्या कार्डाला लाखो डॉलर मिळतात, परंतु ते दुर्मीळ आहे ते छपाई लवकर थांबवल्यामुळे. छपाईच्या अभ्यासात त्याहून बोलकी कार्डे पुष्कळ आहेत. शेरी मॅगी याचे आडनाव आधी चुकीच्या स्पेलिंगने छापले गेले आणि नंतर दुरुस्त झाले. बेसबॉलच्या दोन मुख्य लीगपैकी अमेरिकन लीगमधील जो डॉइल याच्या नावापुढे दुसऱ्या, म्हणजे नॅशनल लीगचा उल्लेख आला, बहुधा त्याच शहरातील दुसऱ्या संघाच्या लॅरी डॉइलशी गल्लत होऊन, आणि तोही पुढे काढून टाकण्यात आला. हे बदल हेतुपुरस्सर केलेले आहेत. याउलट स्नॉडग्रास या आडनावाचे पहिले अक्षर काही प्रतींत उमटलेलेच नाही. तो छापतानाचा अपघात आहे. या दोन प्रकारांना एकाच मापाने मोजणे मला योग्य वाटत नाही, कारण पहिला मुद्रकाचा निर्णय सांगतो, तर दुसरा यंत्रावर त्या क्षणी काय घडले ते सांगतो.

शिळाछापाच्या या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी कागदावर वेगळा ठसा उमटवावा लागे. आपल्याकडील रविवर्मा प्रेसची चित्रेही याच तंत्राने छापली जात. एखाद्या रंगाचा ठसा द्यायचा राहिला, की लाल रंगच नसलेली कार्डे तयार होत. मात्र उन्हाने किंवा रसायनाने उडालेला रंगही तसाच भासू शकतो, त्यामुळे अशा कार्डाबद्दल संशय बाळगणेच शहाणपणाचे.

अनेक कार्डे एका मोठ्या कागदावर, म्हणजे तक्त्यावर, एकत्र छापून मग कापली जात, पण असा न कापलेला पूर्ण तक्ता आजवर उजेडात आलेला नाही. त्यामुळे तक्त्यावर कोणते खेळाडू शेजारी होते, हे कार्डांवरूनच ठरवावे लागते. वेडीवाकडी कापली गेल्याने दोन नावे दिसणारी कार्डे त्यासाठी उपयोगी पडतातच, पण खरी मदत झाली ती काही पीडमाँट जाहिरातींवर दिसणाऱ्या बारीक रेघांची. छपाईच्या पत्र्यावर पडलेले ओरखडे शाईसह कागदावर उतरले आणि ते एका कार्डावरून शेजारच्या कार्डावर गेले. वेगवेगळ्या संग्रहांतील कार्डांची छायाचित्रे संगणकावर जुळवून अभ्यासकांनी या रेघा जोडल्या आणि तक्त्यांचे काही भाग पुन्हा मांडून दाखवले.