गावात शाखा डाकघर हवंय? निकष, कागदपत्रं आणि अर्जाचा मार्ग

स्वातंत्र्याच्या वेळी देशात २३,३४४ पोस्ट ऑफिसं होती. मार्च २००९ अखेर ती १,५५,०१५ झाली आणि त्यातली १,३९,१४४ ग्रामीण भागात होती. आज एकूण आकडा १ लाख ६४ हजारांच्या पुढे आहे. मात्र नव्वदच्या दशकापासून बरीच वर्षं तो फारसा हलला नव्हता. अलीकडची भर मुख्यतः जवळपास बँक नसलेल्या आणि नक्षलग्रस्त भागांतल्या गावांमुळे पडली. बाकी ठिकाणी नवी पदं सहजासहजी मंजूर होत नाहीत, बऱ्याचदा दुसरीकडची पदं वळवून शाखा, म्हणजे गावातलं छोटं पोस्ट, उघडावी लागते. त्यामुळे ‘गावात पोस्ट नाही, लोकांची गैरसोय होते’ एवढ्या दोन ओळींचा अर्ज फाईलमध्येच राहतो. अर्जातून निकष सिद्ध झाले पाहिजेत.

निकष तीन. लोकसंख्या: साधारण भागात गाव आणि आसपासच्या वाड्या-वस्त्या मिळून ३,०००, डोंगराळ, आदिवासी किंवा दुर्गम भागात एकट्या गावाची ५०० किंवा गावांच्या गटाची १,०००. अंतर: सर्वांत जवळचं पोस्ट किमान ३ किलोमीटर लांब हवं. डोंगराळ भागात खास कारण असेल तर यात सवलत मिळू शकते, पण ती दिल्लीच्या पातळीवर. म्हणून मध्ये नदी किंवा घाट असेल, पावसाळ्यात रस्ता बंद पडत असेल, तर ते अर्जात स्पष्ट लिहा.

तिसरा निकष उत्पन्नाचा, आणि माझ्या मते खरी परीक्षा इथेच होते. शाखेच्या खर्चाच्या किमान एक तृतीयांश उत्पन्न अपेक्षित असतं. डोंगराळ-आदिवासी भागात १५ टक्के पुरतात. हे उत्पन्न काही पत्रांवर निघत नाही. बचत खाती, आरडी, सुकन्या समृद्धी, ग्रामीण डाक जीवन विमा यांवर सगळी भिस्त. बचत गट, शाळा, अंगणवाडी, दूध संस्था यांच्याशी आधीच बोला आणि खाती उघडायला तयार असलेल्यांची सह्यांसह यादी करा. ही यादी अर्जातल्या बाकी सगळ्या मजकुरापेक्षा जास्त बोलते.

सोबत जोडा: ग्रामसभेचा ठराव, ग्रामपंचायतीचं पत्र, जनगणनेनुसार गाववार लोकसंख्या, प्रत्येक वस्तीपासून जवळच्या पोस्टाचं अंतर, साधा हाती काढलेला नकाशा, आणि जवळ बँक नसेल तर तसा उल्लेख.

अर्ज तुमच्या डाक विभागाच्या (पोस्टल डिव्हिजनच्या) अधीक्षकांच्या नावे द्या आणि पोच घ्या. डाक निरीक्षक गावात येऊन पाहणी करतात, त्यांच्या अहवालावर प्रस्ताव वर सरकतो. टपाल खात्याच्या महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवाही येतो. कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे गोवा क्षेत्रात असल्याने तिथले प्रस्ताव मुंबईऐवजी आधी पणजीला जातात. पाठपुरावा करताना हे माहीत नसेल तर माणूस भलत्याच दारात उभा राहतो.

जागेचा प्रश्न शाखा पोस्टमास्तरचा. हा पोस्टमास्तर (बीपीएम) ग्रामीण डाक सेवक, म्हणजे खात्याचा गावपातळीवरचा अर्धवेळ सेवक असतो. वय १८ ते ४० (राखीव प्रवर्गांना सवलत), गणित आणि इंग्रजीसह दहावी उत्तीर्ण, स्थानिक भाषा शिकलेला, सायकल आणि संगणक येणारा. निवड दहावीच्या गुणांवर, ऑनलाइन अर्जातून होते. त्यामुळे सरपंचांनी कुणाला शब्द देऊन ठेवू नये. निवड झालेल्याने शाखेच्या गावात राहायचं आणि कार्यालयाला जागाही द्यायची. शाखा दिवसभर नव्हे, चार-पाच तासच उघडी असते, हेही ग्रामसभेत आधीच सांगितलेलं बरं.

निकषात बसत नसाल, तर पोस्टाची फ्रँचायझी हा दुसरा रस्ता आहे. तिथे तिकिटं मिळतात, स्पीड पोस्ट स्वीकारलं जातं. टपाल वाटप मात्र खात्याकडेच राहतं.

बरेच महिने उत्तर आलं नाही, तर माहिती अधिकारात पाहणी अहवालाची प्रत मागा. टपाल खातं केंद्राचं, त्यामुळे शुल्क १० रुपये, आणि ते भारतीय पोस्टल ऑर्डरनेही भरता येतं. उत्तराची मुदत ३० दिवस. अहवालात कोणता निकष अपुरा ठरला ते कळलं, की नव्या अर्जात तेवढ्याचाच पुरावा वाढवा.